पाठीवर हात, मग घंटी

१

रोज सकाळी निघताना तेच. ताई पुढच्या सीटवर बसणार, दोन्ही पाय जमिनीला रोवून सायकल घट्ट धरणार आणि म्हणणार, “चढा साहेब.” मग तिच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, एक हात टेकणार. हात म्हणजे ‘आलो, तुझ्या मागेच आहे.’ त्यानंतर मागच्या हँडलवरची घंटी दोनदा वाजणार. घंटी म्हणजे ‘बसलो, चल.’ आधी हात, मग घंटी. हे झाल्याशिवाय ताई पेडलवर पाय ठेवायची नाही, मग मागे आभाळ का कोसळेना.

साहेब म्हणजे तिचा धाकटा भाऊ बाळ्या. चाळिशी गाठली तरी घरात एकदा चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. नवव्या वर्षी त्याची नजर पूर्ण गेली. आता तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायचा, आणि कोण खोटं बोलतंय, कोण प्यायलंय आणि कुणाच्या नळाला खरंच पाणी नाही, हे नुसत्या ‘हॅलो’वरून सांगायचा. ताई मोटार चालवायला शिकवायची. सगळं आयुष्य शेजारच्या सीटवर बसून लोकांच्या चुकांवर ब्रेक दाबण्यात गेलेलं. तेव्हा दोन सीटच्या या सायकलची पुढची सीट ती कुणाला देईल, हे शक्यच नव्हतं.

“मला एकदा पुढे बसू दे की,” बाळ्या म्हणायचा.

“तुझ्यापेक्षा वाईट चालवणाऱ्यांना लायसन मिळवून दिलंय मी. पण नको.”

रस्ता म्हणाल तर स्वप्नातला. नदीच्या काठाने पूर्वी रेल्वे जायची. रूळ काढून तिथे सायकलींसाठी वाट केली होती. मोटार नाही, हॉर्न नाही, चढ आलाच तर हळूच येणारा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेतं आणि बुटक्या टेकड्या. सात दिवसांत नदी समुद्राला मिळते तिथवर पोचायचं होतं. बाळ्याला ते ऐकायचं होतं, नदीचा आवाज नक्की कुठे संपतो ते. आज पाचवा दिवस. आई रोज सकाळी फोनवर एकच वाक्य म्हणायची, “नेलंस तसा आण गं त्याला.” आणि ताई म्हणायची, “आणते गं बाई.”

ताई चालवता चालवता सगळं सांगत जायची. डावीकडे पूल, उजवीकडे गाई, सात आहेत, एक बसलीय. आणि दिवसातून एकदा, कधी ते तिच्या मर्जीवर, ती एक बंडल मारायची. बाळ्याने ते ओळखायचं. पण ‘खोटं’ असं म्हणायचं नाही, तो नियम. ओळखलं की त्यावर एक बारीक प्रश्न टाकायचा.

काल ती म्हणाली होती, “उजवीकडे एक शेळी आहे. चष्मा लावलाय तिने.”

मागून अगदी गंभीर आवाजात प्रश्न आला, “जवळचा का लांबचा?”

हसता हसता सायकल वाटेवरून उतरून गवतात गेली. त्याबद्दल बाळ्याने संध्याकाळपर्यंत टोमणे मारले. आजचं बंडल अजून बाकी होतं.

२

पाठीवरच्या हाताची गोष्ट जुनी आहे, आणि ती ताई कुणाला सांगत नाही.

ती बारा वर्षांची होती, बाळ्या नऊचा. त्याला शाळेतून घरी आणायचं काम तिचं. एके दिवशी शाळेच्या फाटकाशी मैत्रीण भेटली, गप्पा सुरू झाल्या आणि दोघी चालत सुटल्या. मागे भाऊ येतोय असं ती धरून चालली. घराच्या पायरीवर आल्यावर तिने मागे बघितलं तर मागे कुणीच नाही. ती जीव तोडून शाळेकडे पळाली. तोवर पाऊण तास झाला होता. शाळा रिकामी झाली होती आणि बाळ्या फाटकाची सळई धरून, जिथे सोडला तिथेच उभा होता.

तो रडला नव्हता. म्हणाला, “मला माहीत होतं तू येशील.”

ती मात्र रस्त्यात बसून भोकाड पसरून रडली. त्या दिवसापासून नियम झाला की पाठीवर हात आल्याशिवाय ताई पाऊल टाकणार नाही. एकतीस वर्षं तो नियम मोडला नव्हता.

३

बोगदा दुपारी साडेतीनला लागला. लांबी एक किलोमीटर, असं तोंडाशी पाटीवर लिहिलेलं होतं. आतून गार, ओला वास येत होता.

आता एक गोष्ट सांगून टाकतो. अंधाराला बाळ्या भीत नव्हता, त्याला अंधार काय नि उजेड काय. भीत होती ती ताई. त्रेचाळीस वर्षांची, सहाशे माणसांना गाडी शिकवलेली बाई, पण रात्री दिवा लावूनच झोपायची. त्यात सायकलचा दिवा असा, की चाक फिरेल तोवरच पेटणार. थांबलं की मिट्ट.

“हात धरू का तुझा?” मागून बाळ्याने चिडवलं.

“पाय चालव मुकाट्याने.”

बाळ्या जिभेने टॉक, टॉक असा आवाज काढत होता. भिंती किती लांब आहेत ते त्याला त्यावरून कळायचं. पुलाखालून जाताना, बोगद्यात, कुठेही डोक्यावर छत आलं की त्याची जीभ सुरू व्हायची.

बरोबर मध्यावर साखळी पडली. पेडल एकदम हलके झाले, चाक थांबलं, दिवा विझला. दोघं उतरले. बाळ्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. ताईने मोबाइल दातात धरला आणि त्याच्या उजेडात साखळी चढवायला घेतली. उजेड जेमतेम साखळीपुरता. हात तेलाने बरबटले, दोनदा बोट चिमटलं, शिव्या देऊन झाल्या. साखळी बसली आणि त्याच क्षणी मोबाइलची बॅटरी संपली.

अंधार असा, की हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसेना. ताई चाचपडत पुढच्या सीटवर बसली.

“चढ रे लवकर. चल, चल, चल.”

मागे सायकल किंचित दबली. घंटी दोनदा वाजली.

आणि ताई निघाली.

४

बाहेर आल्यावर ऊन अंगावर आलं तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की पाचेक मिनिटं ती काही बोललीच नाही. नदी आता डावीकडे आली होती. सूर्य पाठीशी होता. सायकल झरझर चालली होती. जेवणानंतर बाळ्या नेहमी सुस्तावायचा, ‘ढकल गं तूच’ म्हणायचा. आज मागून चांगला जोर येत होता.

“काय साहेब, अंगात आलं का काय?”

मागून नुसता जोर वाढला. रुसला असेल, ती म्हणाली मनाशी. अंधारात ओरडले ना मी त्याच्यावर.

वाटेवर एक जुना दगडी पूल आडवा आला. त्याच्या कमानीखालून ते गेले. कमान संपल्यावर बऱ्याच वेळाने ताईच्या लक्षात आलं, की टॉक टॉक आवाज आला नाही.

दमला असेल. तोंड सुकलं असेल. कारणं काय, शोधली की मिळतात.

मग तिने नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. “डावीकडे नदी. पाणी संथ आहे. पलीकडच्या काठावर झाडं...”

“आणि लाल होडी,” मागून बाळ्याचा आवाज आला.

झाडांच्या मुळाशी, अर्धी सावलीत, खरंच एक लाल होडी बांधलेली होती. ताईला ती त्याच्या सांगण्यानंतर दिसली.

तिचे पाय फिरत राहिले. या सायकलचं असंच असतं, दोघांचे पेडल एका साखळीला बांधलेले, एकाचे फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. तिने विचार केला, पाटी असेल कुठे. सकाळी मीच वाचून दाखवली असेल, इथे होड्या मिळतात म्हणून. पण लाल?

तिने आजचं बंडल काढलं.

“उजवीकडे बघ,” ती म्हणाली, “सूर्यफुलांचं शेत. आणि सगळ्या फुलांनी टोप्या घातल्यात.”

ती वाट बघत राहिली. ‘कुठल्या रंगाच्या?’ असं काहीतरी आता येईल. किंवा ‘मापाच्या आहेत का?’

“तिथे काही नाही, ताई,” मागचा आवाज म्हणाला. “नुसतं नांगरलेलं शेत आहे.”

५

मागे वळून बघावं, असं तुम्ही म्हणाल. सांगणं सोपं आहे. पुढच्याने मान वळवली की ही सायकल डगमगते, म्हणून तिने पहिल्या दिवसापासून सवय लावून घेतली होती, मागे बघायचं नाही. आणि खरं सांगायचं तर तिची हिंमत होईना.

पण सूर्य पाठीशी होता. सावली पुढे पडली होती, सायकलची, दोन डोक्यांची, लांबच लांब. ताईने त्या सावलीकडे बघितलं.

बाळ्या सायकलवर मान खाली घालून बसतो, डोकं जरा डावीकडे कललेलं, कान रस्त्याकडे. सावलीतलं मागचं डोकं ताठ होतं. ते हळूच एका बाजूला झुकलं, तिच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघावा तसं, आणि तसंच राहिलं.

तेव्हा तिला आठवलं. घंटी वाजली होती. हात आला नव्हता.

शाळेचं फाटक, सळई, नऊ वर्षांची बोटं. अगं बाई, काय केलंस तू हे.

“ताई,” मागून हळू आवाज आला. बाळ्याचाच, अगदी त्याच्या घोगरेपणासकट. “मला दिसतंय.”

ताई पाय मारत राहिली.

“सगळं दिसतंय. नदी दिसतेय, तुझी वेणी दिसतेय. पांढरे केस आलेत तुला. आईला केवढा आनंद होईल.”

या एका वाक्यासाठी तिने काय काय केलं होतं! किती दवाखाने, किती डॉक्टर, किती रात्री उशीत तोंड खुपसून केलेल्या विनवण्या. एक क्षण, अगदी एकच क्षण, तिला वाटलं की असंच जावं. दोन दिवसांत समुद्र येईल. घरी जाऊन आईसमोर उभं करावं. कुणाला काय कळणार आहे? आणि त्याच क्षणाची तिला इतकी शरम वाटली की कान तापले. तिथे आत, ओल्या भिंतीला टेकून तिचा भाऊ उभा होता, आणि ‘ताई येईल’ असं त्याला माहीत होतं.

“हात ठेवायचा राहिला ना मघाशी?” मागून आवाज आला. “ठेवू का आता?”

“खबरदार,” ताई म्हणाली. शिकाऊ माणूस लाल दिव्यात गाडी घालायला लागला की जो आवाज लागायचा, तोच तिला लागला.

६

पुढे एक बंद पडलेलं स्टेशन होतं. फलाटासमोर मोकळी फरशी होती. ताईने सायकल न थांबवता तिथे मोठा वळसा घेतला. थांबायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. थांबलं तर मागचा उतरणार, आणि उतरला की समोर येणार.

ऊन आता तोंडावर आलं. सावली मागे गेली.

“ताई, चुकीच्या बाजूला चाललीस.”

“मला रस्ता शिकवू नकोस.”

पेडल जड झाले. मागचे पाय उलटा जोर लावत होते. दोन्ही पेडल एका साखळीला बांधलेले, त्यामुळे तिच्या प्रत्येक फेरीला तो विरोध थेट पोटऱ्यांत कळत होता. ती सीटवरून उठली आणि उभी राहून पाय मारायला लागली. सपाट रस्ता, पण घाट चढत असल्यासारखी ती घामाने निथळली. दात आवळून ती मोजत होती. एक, दोन. एक, दोन. गुडघे मोडले तरी चालतील, पण थांबायचं नाही.

लाल होडी गेली. कमान गेली.

“त्याला काय आहे तिथे?” आवाज म्हणाला. आता तो बाळ्याच्या आवाजासारखा तितकासा राहिला नव्हता. “त्याला काही दिसत नाही. तुला जन्मभर सांगत बसावं लागेल.”

“बसेन.”

“आत अंधार आहे. तू घाबरतेस.”

“घाबरते,” ताई म्हणाली. “म्हणून काय झालं?”

आणि बोगद्याच्या काळ्या तोंडात तिने सायकल घातली. उजेड संपला तिथे पेडल एकदम हलके झाले, इतके की ती हँडलवर आदळता आदळता वाचली. मागे आता काहीच वजन नव्हतं. ती थांबली नाही.

७

“बाळ्या! ए बाळ्या!”

तिचाच आवाज भिंतींवरून फिरून आला. मग लांबून, टॉक, टॉक. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्या आवाजाच्या रोखाने गेली आणि जवळ वाटल्यावर ब्रेक दाबला. दिवा विझला. विझण्यापूर्वी तिला भिंतीशी बसलेला बाळ्या दिसला, गुडघे पोटाशी घेतलेले. आणि त्याच्या शेजारी, त्याचा हात हातात घेऊन, कुणीतरी बसलं होतं. वेणी दिसली. मग अंधार झाला.

“कोण आहे?” बाळ्याने विचारलं.

“मी आहे रे. ताई. ऊठ, चल.”

बाळ्या फार हळू म्हणाला, “ताई तर इथे आहे. मघापासून बसलीय माझ्याजवळ. साखळी बसत नाहीये म्हणाली.”

“तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, बाळ्या,” शेजारून आवाज आला. तो ताईचा आवाज होता. तसाच करडा, शेवटचा शब्द तसाच तोडणारा. स्वतःचा आवाज असा समोरून ऐकताना ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. “चल, आपण चालत जाऊ.”

“बाळ्या, मी तुला विसरून गेले रे! हात आला नव्हता आणि मी निघाले. मला माफ कर, पण ऊठ...”

“दोघी गप्प बसा,” बाळ्या म्हणाला.

फोनवर भांडणाऱ्या लोकांशी बोलायचा तोच थंड आवाज होता त्याचा. पण ताईला त्यातली थरथर ऐकू आली. तो घाबरला होता. कधी नव्हे तो अंधाराला घाबरला होता.

“एकच सांगा,” तो म्हणाला. “बोगद्याच्या पलीकडे काय आहे?”

शेजारचा आवाज लगेच सुरू झाला. “नदी डावीकडे येते. दगडी पूल, एक कमान. पलीकडच्या काठावर लाल होडी. उजवीकडे नांगरलेलं शेत. पुढे बंद स्टेशन, फलाटावर तीन बाकं, एक मोडकं.”

ताईने बघितलेलं सगळं खरं होतं. मोडकं बाक तर तिने बघितलंसुद्धा नव्हतं.

“आणि तू?” बाळ्याने विचारलं.

आयुष्यात इतकं काही कधी एका वाक्यावर आलं नव्हतं. ताई म्हणाली, “पलीकडे एक हत्ती आहे. सायकल चालवतोय.”

बोगद्यात कुठेतरी पाणी ठिबकत होतं. तेवढंच ऐकू येत होतं.

“अरे, तिथे हत्ती नाही,” शेजारचा आवाज म्हणाला.

आणि बाळ्याने विचारलं, “गिअरची का बिनगिअरची?”

ताईला हसू फुटलं का रडू, तिलाच कळलं नाही. कपड्यांचा सळसळाट झाला, तो उठत होता. हात सोडवून घेताना जोर लावावा लागला असावा, कारण तो एकदा कण्हला. मग चार पावलं, टॉक, टॉक. आणि तिच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, हात टेकला. गरम, घामेजलेला. सायकल दबली. घंटी दोनदा वाजली.

“चल,” बाळ्या म्हणाला. “चल गं बाई.”

८

ताईने अंधारातच पाय टेकत सायकल परत समुद्राच्या दिशेला फिरवली. बाहेर आले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. बाळ्या मागे हुंदके देत होता आणि पेडलही मारत होता. ताईने त्याला रडू दिलं. स्वतःचे डोळे ती बाहीला पुसत होती.

“मला माहीत होतं तू येशील,” बऱ्याच वेळाने तो म्हणाला. “पण मग वाटलं, तू आलेलीच आहेस.”

“आता नाही सोडणार.”

“समुद्रापर्यंत?”

“समुद्रापर्यंत. आणि तिथून घरी.”

त्याच वेळी मागे, बोगद्याच्या बाजूला, घंटी दोनदा वाजली. अगदी त्यांच्याच घंटीसारखी.

“मी नाही वाजवली,” बाळ्या म्हणाला.

“माहितेय.”

सूर्य पाठीशी होता. सावल्या पुढे पडल्या होत्या. ताईने खाली बघितलं. आधी तिचं डोकं. मग बाळ्याचं, मान खाली, जरा डावीकडे कललेलं. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. आणि मग त्या सावलीच्या दोन्ही कडांनी, जरा फिकट, मागून आणखी दोन डोक्यांची सावली बाहेर यायला लागली. वाटेवर ती हळूहळू लांब होत पुढे सरकत होती.

ताईने नजर उचलून समोर लावली, पुढचा गिअर टाकला आणि नेहमीच्या आवाजात सांगायला लागली. “डावीकडे नदी. पाणी संथ. पलीकडे लाल होडी. उजवीकडे नांगरलेलं शेत.”

“आणि मागे?”

“मागे कुणी नाही.”

बाळ्याने विचारलं, “किती जण?”

“दोघं,” ताई म्हणाली. “पाय चालव.”